शिआनच्या गल्लीत गव्हाचा चीक

श्रोतेहो, नमस्कार.

चीनमधलं जेवण म्हटलं की आपल्याकडे चटकन आठवतं ते गोबी मंचुरियन आणि लालभडक शेजवान राइस. मी नोकरीनिमित्त चार वर्षं चीनमधल्या शिआन शहरात राहिले. या दोन्ही पदार्थांशी तिथे माझी एकदाही गाठ पडली नाही. मग तिथली माणसं रोज खातात तरी काय? मेजवानीचं नव्हे, पाहुण्यांना दाखवायचं नव्हे. कामावर जाताना, कामावरून येताना, घाईत, भुकेपोटी काय खातात, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

शिआन ही शान्शी प्रांताची राजधानी. शहराच्या दक्षिणेला छिनलिंग नावाची मोठी डोंगररांग आहे. ढोबळमानाने तिच्या पलीकडे, दक्षिणेला भात पिकतो आणि अलीकडे, उत्तरेला गहू. मला हे ठाऊक नव्हतं. चीन म्हणजे भात, एवढंच डोक्यात. पहिल्या आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये बघते तर समोर गव्हाचेच प्रकार. गव्हाचा जाड पाव, त्याला म्हणायचं ‘मो’. गव्हाच्या शेवया, त्यांना म्हणायचं ‘म्येन’. बोटभर रुंद, तीन बोटं रुंद, ओढलेल्या, लाटलेल्या, कापलेल्या. तिथला बियांगबियांग म्येन तर कमरेच्या पट्ट्याएवढा रुंद असतो, आणि त्याच्या नावाचं अक्षर लिहायला पन्नासहून जास्त फटकारे लागतात. ते अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, आलं ते २०२० साली! तोवर दुकानांच्या पाट्यांवर ते हाताने रंगवलेलं किंवा चित्र म्हणून चिकटवलेलं असायचं.

मी अंडं खाते, पण मांस खात नाही. सुरुवातीला त्याचा त्रास झाला. ‘रोउ’ म्हणजे मांस, ‘रोउ नको’ एवढं मी पाठ केलं होतं. एका दुकानात तसं सांगितलं. वाडगा आला, त्यात मांसाचा तुकडा नव्हता, पण रस्सा हाडांचाच होता. दोन घोट घेतल्यावर मला कळलं. मी उठून गेले, आणि खोलीवर येऊन रडले, खरंच. पण दुकानदाराने मला फसवलं नव्हतं. त्याच्या लेखी मांस म्हणजे तुकडे. मी तुकडे नको म्हटलं, त्याने काढून ठेवले. पुढे एका सहकारी मुलीने योग्य वाक्य शिकवलं: ‘वो छ्र सू’, मी शाकाहारी आहे. ‘सू’ हा शब्द तिथल्या बौद्ध मठांमुळे सगळ्यांना नीट कळतो. हे एक वाक्य आलं आणि माझं शहर उघडलं.

सकाळी आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर गाड्या लागायच्या. एका तीनचाकीवर भलं मोठं पातेलं. त्यात चिकट तांदूळ, लाल खजुरासारखी दिसणारी चिनी बोरं आणि राजम्यासारख्या शेंगांचे दाणे, थरावर थर रचून कित्येक तास वाफवलेले. तो त्संगगाव. गाडीवाला रुंद पात्याने थरांमधून उभा काप घ्यायचा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पांढरं, तांबूस, काळपट असं सगळं यायचं. साखर वेगळी घालावी लागत नाही, गोडी बोरांची. त्याच्या शेजारी ‘त्साय-जिया-मो’. भाजलेला मो मधून चिरायचा आणि समोर मांडलेल्या दहाबारा भांड्यांतल्या भाज्यांकडे आपण बोट दाखवायचं. बटाट्याचा किस, गाजर, समुद्री शेवाळ, कोबी, उकडलेलं अंडं. बाई भराभर भरणार, वर लाल तिखट तेल, की झालं. तेल लागून पिवळा पडलेला क्यूआर कोड फोनने टिपायचा आणि चालता चालता खायचं.

बटाट्याच्या किसाबद्दल थोडं थांबून सांगते. तो सुईसारखा बारीक चिरतात, पाण्यात धुऊन त्याची सगळी खळ काढतात, आणि मोठ्या आचेवर सुकी मिरची नि व्हिनेगर घालून मिनिट-दोन मिनिटं परततात. दाताखाली तो कुरकुरतो. मला वाटलं कच्चा राहिलाय. महिनाभर मी तो बाजूला सारत होते. आपला बटाटा बोटाने दाबला की फुटायला हवा ना! पण तिथे बटाटा मऊ पडला तर स्वयंपाक बिघडला म्हणतात.

आणि ‘यौपो म्येन’. उकडलेल्या रुंद शेवया वाडग्यात, वर मीठ, लाल तिखटाचा ढीग, चिरलेली पात, लसूण. मग लोखंडी पळीत सरसूच्या जातीचं तेल धूर निघेपर्यंत तापवतात आणि त्या तिखटावर ओततात. तो ‘चर्रर्र’ आवाज! तो वास! श्रोतेहो, मी बार्शीची. आमच्याकडे तेलात मोहरी तडतडली की दारातून येणाऱ्याला कळतं, जेवण तयार होतंय. आपण फोडणीत तेलात मसाला टाकतो, ते मसाल्यावर तेल टाकतात. कडकडीत तेलाचं मोहन घालावं तसं. तिखटही आपल्या ब्याडगीसारखं, रंग नि सुगंध जास्त, जाळ कमी. बरोबर कच्च्या लसणीच्या पाकळ्या ठेवलेल्या असतात, सोलायच्या आणि घासागणिक चावायच्या. लसणीवाचून म्येन खाल्ला तर निम्मी चव गेली, असं तिथे म्हणतात. बुक्कीने फोडलेल्या कांद्याशिवाय ज्यांना पिठलं-भाकरी गोड लागत नाही, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

खाऊन झालं की शेवया ज्यात उकडल्या तेच पांढुरकं पाणी वाडग्यात गरम गरम देतात. फुकट. त्याला म्येनथांग म्हणतात, ‘ज्या पाण्यात शिजलं तेच पाणी पचवतं’ अशी त्यामागची समजूत. आजारपणात आजी भाताची पेज हातात द्यायची, तो स्पर्श मला त्या वाडग्यात परत मिळाला.

पण मला खरं बोलायचंय ते ल्यांगपीबद्दल.

आमच्या इमारतीमागच्या गल्लीत एका बाईंचं चार टेबलांचं दुकान होतं. चीनमध्ये मावशीच्या वयाच्या बाईला ‘आयी’ म्हणतात. उच्चार जवळजवळ आपल्या ‘आई’सारखा. परक्या शहरात दिवसातून एकदा कुणाला तरी ‘आयी’ अशी हाक मारता येते, ही माझ्यासाठी छोटी गोष्ट नव्हती.

ल्यांगपी म्हणजे थंड पट्ट्या. पांढऱ्या, अर्धपारदर्शक, बुळबुळीत. काकडीचे लांब काप, मोड आलेले मूग, लसणीचं पाणी, व्हिनेगर, वर तिखट तेल. सोबत स्पंजासारखे पिवळसर तुकडे. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा जिभेला काहीतरी ओळखीचं लागलं, पण काय ते आठवेना. पुढचे कित्येक दिवस मी तिथेच जेवले. शेवटी एका रविवारी पहाटे आयी पीठ धुताना दिसली.

हो, पीठ धुताना. कणकेचा गोळा पाण्यात बुडवून ती तो चोळत होती, पिळत होती. पाणी दुधासारखं पांढरं झालं की ते वेगळ्या बादलीत ओतायचं, नवं पाणी घ्यायचं, पुन्हा चोळायचं. चार-पाच वेळा. शेवटी हातात रबरासारखा चिवट गोळा उरला. शेजारी आदल्या रात्रीची बादली होती. तिच्यात पांढरं तळाशी बसलं होतं आणि वर निवळी आली होती. आयीने निवळी हलकेच ओतून टाकली, तळाशी राहिलेलं ढवळलं, तेल लावलेल्या पत्र्याच्या ताटलीत पळीभर पसरलं आणि ताटली उकळत्या पाण्यावर ठेवली. दोन मिनिटांत पांढऱ्याचं काचेसारखं झालं.

मी तिथेच मराठीत ओरडले, ‘अगं, हा तर चीक!’

कुरडया करणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला कळलं असेल मी काय म्हणतेय. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, गाळायचे. रात्रभर ठेवून वरची निवळी ओतायची. हिंग-मीठ घातलेल्या आधणात तो चीक ओतून चाटूने घोटायचा. सोऱ्यात भरायच्या आधी एका वाटीत आम्हा मुलांना गरम चीक मिळायचा, वर कच्चं तेल आणि चिमूटभर तिखट. चैत्र-वैशाखात गच्चीवर खाल्लेली ती वाटी आणि शिआनच्या गल्लीतलं ते ताट, दोन्हींत तीच गव्हाची खळ होती. आयीच्या हातातल्या चिवट गोळ्याचंही काही वाया जात नव्हतं. तो वाफवला की पट्ट्यांबरोबरचे ते स्पंजासारखे तुकडे तयार. तिथे त्याला म्येनचिन म्हणतात. आपल्याकडेही चिकाच्या चोथ्याच्या भुसवड्या घालतात ना, तसंच.

त्या दिवसापासून मी आयीच्या दुकानात गिऱ्हाईक राहिले नाही. रविवारी पहाटे पीठ धुवायला जाऊ लागले. हात दुखायचे. पाणी कधी पुरे, हे आयी बोटाने दाखवायची, कारण माझं चिनी तेवढं नव्हतं.

शिआनमध्ये एक जुना मनोरा आहे, मोठ्या रानहंसाचा म्हणतात, इ. स. ६५२ मधला. ह्युएनत्संग या चिनी बौद्ध भिक्षूने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी तो बांधला. तोच ह्युएनत्संग सातव्या शतकात, चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रातून गेला होता, आणि इथल्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलंय की उपकार करणाऱ्याशी ते कृतज्ञ असतात. हे मी आयीला सांगितलं तेव्हा ती काम थांबवून ऐकत राहिली. ह्युएनत्संग तिथल्या लहान मुलालाही माहीत असतो, पण तो माझ्या गावाकडे येऊन गेला हे तिला नवं होतं. ‘त्याने तिथे काय खाल्लं?’ तिने पहिलं हेच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. एवढं मात्र नक्की की त्याने मिरची खाल्ली नाही, ना इथे, ना तिथे. मिरची अमेरिकेतून आपल्या दोन्ही मुलखांत पोचली ती त्यानंतर सुमारे नऊशे वर्षांनी. आणि आज तिच्यावाचून ना बार्शीचं पान हलत, ना शिआनचं.

परत यायच्या आधीच्या रविवारी मी आयीकडून बादलीतला चीक मागून घेतला. तिच्याच शेगडीवर आधण ठेवलं, मीठ घातलं, जपून ठेवलेल्या डबीतला हिंग घातला. हिंगाच्या वासाने शेजारचा चावीवाला डोकावून गेला. चीक घोटला, चकाकला, वाडग्यात काढला, वर तेल-तिखट. आयीने चमचाभर खाल्ला. मग दुसरा. मी खुणेने सांगितलं, याच्या कुरडया घालून उन्हात वाळवतो. ‘किती दिवस टिकतं?’ मी म्हटलं, वर्षभर. ती बराच वेळ वाडग्याकडे बघत राहिली. तिची ल्यांगपी त्याच दिवशी संपवावी लागते. मग तिने व्हिनेगरची बाटली ओढली, दोन थेंब वाडग्यात टाकले, आणि तो माझ्यापुढे सरकवला.