डोळ्यांवर पट्टी आणि फळ्यावर सही

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतील जुन्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत नामवंत मंडळी पाहुणे म्हणून येत असत, त्या पाहुणेपणाविषयी आज बोलायचे आहे. विषय मोठा आहे. एड सलिव्हन यांच्या रविवारच्या विविधरंगी कार्यक्रमात १९५६ साली एल्व्हिस प्रेस्ली आला आणि १९६४ साली बीटल्स आले, या हकिगती आपण अनेकदा ऐकलेल्या आहेत, म्हणून त्या बाजूला ठेवतो. माझे मन अडकले आहे ते त्याच सीबीएस वाहिनीवर रविवारी रात्री साडेदहाला लागणाऱ्या ‘व्हॉट्स माय लाइन?’ या साध्या, अर्ध्या तासाच्या खेळात.

हा खेळ २ फेब्रुवारी १९५० रोजी सुरू झाला आणि साडेसतरा वर्षे चालला. समोर एक अनोळखी माणूस येऊन बसे आणि चार जणांच्या मंडळाने केवळ हो किंवा नाही एवढेच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारून त्याचा व्यवसाय ओळखायचा. प्रत्येक ‘नाही’मागे त्या माणसाला पाच डॉलर मिळत आणि दहा ‘नाही’ झाले की पन्नास डॉलर घेऊन तो जिंकत असे. बक्षीस एवढेच होते, हे लक्षात ठेवावे. करोडपती होण्याचे स्वप्न न दाखवताही लोकांना रविवारी रात्री जागे ठेवता येते, हे आजच्या निर्मात्यांना कोणीतरी सांगायला हवे.

प्रत्येक भागात एक पाहुणा मात्र निराळा असे. तो इतका प्रसिद्ध असे की त्याचा चेहरा दिसताच खेळ संपला असता. म्हणून तो येण्यापूर्वी चौघांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या जात. हाच तो गूढ पाहुणा. प्रेक्षकांना तो दिसतो, घरी बसलेल्यांना तो दिसतो, आणि ज्यांना त्याला ओळखायचे आहे त्यांनाच तेवढा दिसत नाही. आपल्याकडच्या आंधळ्या कोशिंबिरीचीच ही मोठ्या माणसांची, उत्तम पोशाखातील आवृत्ती म्हणा. पोशाखाचे मी सहज म्हणत नाही. पुरुष काळ्या बो टायमध्ये आणि स्त्रिया संध्याकाळच्या उंची पोशाखात येत आणि एकमेकांना मिस्टर, मिस असे आदराने संबोधत.

गूढ पाहुणा आला की प्रथम फळ्यावर खडूने आपली सही करी आणि टाळ्यांचा कडकडाट होई. त्याचा परिचय करून दिला जात नसे. आपल्याकडे सभेत ‘यांना परिचयाची गरजच नाही’ असे सांगून पुढे दहा मिनिटे तोच परिचय करून देण्याची जी प्रथा आहे, ती पाहिली की मला त्या फळ्याची फार आठवण येते. सही झाली, पाहुणा खुर्चीत बसला, प्रश्न सुरू. पाहुणा आवाज बदलून बोले, कोणी चिरका, कोणी घोगरा, कोणी परक्या भाषेतील हेल काढून, कारण ज्या आवाजावर त्याचे पोट चालत असे तोच आवाज येथे त्याला लपवावा लागे.

सूत्रसंचालक होते जॉन चार्ल्स डेली. हे मूळचे पत्रकार. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवरील हल्ल्याची बातमी सीबीएसच्या रेडिओवरून त्यांनी दिली होती. रेडिओवर घडलेला माणूस दूरचित्रवाणीवर गेला तरी वाक्य पूर्ण करतो, हे माझे जुने मत आहे, आणि डेली यांची लांबलचक, कोठेही न तुटणारी वाक्ये ऐकली की ते अधिकच पक्के होते. मंडळात नेहमी बसत त्या अभिनेत्री आर्लीन फ्रान्सिस, वृत्तपत्रातील स्तंभलेखिका डोरोथी किलगॅलन आणि रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेचे एक संस्थापक बेनेट सर्फ. चौथी खुर्ची बदलत असे.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे सांगितले, तो प्रसंग. तारीख २७ जानेवारी १९५७. चौघांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या आहेत आणि फळ्याकडे एक गृहस्थ निघाले आहेत, ज्यांच्या मिशांची टोके मेण लावून वर वळवलेली आहेत. हे होते स्पेनचे चित्रकार साल्वादोर दाली, वितळून लोंबणाऱ्या घड्याळांचे चित्र काढणारे दाली. त्यांनी खडू घेतला आणि अशी ऐसपैस सही केली की ती सही म्हणावी की चित्र म्हणावे, असा प्रश्न पडावा. टाळ्या पडल्या. दाली खुर्चीत बसले.

खेळाचा नियम पुन्हा सांगतो, कारण गंमत त्या नियमातच आहे. पाहुण्याचा फायदा ‘नाही’ म्हणण्यात असे. जितके ‘नाही’ अधिक तितका तो जिंकण्याच्या जवळ. आणि दाली तर प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणू लागले. आपला रंगमंचाशी, सादरीकरणाशी संबंध आहे काय? हो. आपण लेखन करता काय? हो. खेळांशी, मैदानाशी काही संबंध? त्यालाही हो. आपल्याला नायक म्हणता येईल काय, या प्रश्नालाही त्यांनी शांतपणे होकार दिला, तेव्हा प्रेक्षागृह हशाने भरून गेले आणि डेली यांना मध्ये पडावे लागले.

डेली यांची अवस्था पाहण्यासारखी होती. त्यांचे काम असे की पाहुण्याच्या उत्तराने मंडळाची दिशाभूल होऊ द्यायची नाही. आणि येथे पाहुणा खोटे बोलत नव्हता, तरी मंडळाचा गोंधळ वाढतच होता. ते पाहुण्याकडे झुकून कुजबुजत, मग मंडळाकडे वळून आपल्या खास पद्धतीने दुरुस्ती करत, आणि लगेच पुढच्या प्रश्नाला दाली पुन्हा ‘हो’ म्हणत. पट्टीआड बसलेल्या मंडळींनी शेवटी कबूल केले की या माणसाला न येणारी गोष्टच जगात दिसत नाही.

खरे सांगायचे तर त्यांच्या बहुतेक होकारांमागे काहीतरी होतेच. १९४२ साली त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले होते, म्हणजे ते लेखक होते. १९२९ साली लुई बुन्युएल यांच्याबरोबर त्यांनी चित्रपट केला होता आणि १९४५ साली हिचकॉक यांच्या चित्रपटासाठी स्वप्नदृश्याची मांडणी केली होती, म्हणजे सिनेमाशी संबंध होता. बॅलेसाठी नेपथ्य केले होते. १९३९ साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरील एका मोठ्या दुकानाने त्यांची दर्शनी मांडणी परस्पर बदलली, तेव्हा रागाच्या भरात त्यांनी आत ठेवलेला टब ढकलला आणि त्या टबासकट दर्शनी काच फोडून ते रस्त्यावर आले; म्हणजे अंगमेहनतीचा अनुभवही होता, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

अखेर प्रश्न चित्रकलेकडे आणि तेथून मिशांकडे वळले, आणि मिशांचा विषय निघाल्यावर दाली यांचे नाव ओठांवर यायला कितीसा वेळ लागणार? पट्ट्या निघाल्या. बक्षिसाचे पन्नास डॉलर दालींनी जिंकले नाहीत, पण त्या कार्यक्रमातील ज्या थोड्या मिनिटांची आजही आवर्जून आठवण काढली जाते, त्यांत ही मिनिटे आहेत. इतर पाहुणे स्वतःला लपवण्यासाठी येत. दाली यांनी काहीच लपवले नाही आणि तरीही ते बराच वेळ सापडले नाहीत.

हे नामवंत अशा खेळात का येत, हेही थोडक्यात सांगायला हवे. मानधन पाचशे डॉलर होते, आणि हॉलिवूडच्या नटाला ते काही फार नव्हे. बहुतेकांचा नवा चित्रपट किंवा नवे नाटक लागलेले असे आणि थेट प्रक्षेपणात त्याचा उल्लेख होणे फायद्याचे असे. शिवाय कार्यक्रम न्यूयॉर्कहून होई आणि रविवारी रात्री ब्रॉडवेची नाट्यगृहे सहसा बंद असत, त्यामुळे नटमंडळी मोकळी असत. याचा तोटाही होता. कोणते नाटक लागले आहे आणि कोण शहरात उतरले आहे, हे किलगॅलनबाईंना स्तंभ लिहिण्यासाठी रोजच पाहावे लागे, आणि पट्टी बांधली तरी ही माहिती काही डोळ्यांतून निघून जात नसे.

हे सारे आपल्याकडे तेव्हा कोणी पाहिले नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि सीबीएसवरील हा खेळ त्यापूर्वी पाच वर्षे बंद झालेला होता. पुढे जुन्या मुद्रणांमुळे आपल्याला त्याची ओळख झाली. ती मुद्रणे कृष्णधवल आहेत, आवाज कोठे कोठे खरखरतो, तरी प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली ती छोटी शांतता स्पष्ट ऐकू येते. हल्ली ती शांतता वाद्यवृंदाने भरून काढतात, ते मला मुळीच रुचत नाही.

३ सप्टेंबर १९६७ रोजी शेवटचा भाग झाला. थेट प्रक्षेपणाच्या दिवशी ठरलेला गूढ पाहुणा ऐनवेळी आलाच नाही, तर स्वतः डेली यांनीच त्या खुर्चीत बसायचे, अशी सोय पहिल्यापासून करून ठेवलेली होती. इतक्या वर्षांत ती वेळ आली नाही. मग शेवटच्या रविवारी ती सोय वापरायची असे ठरले, मंडळाने पट्ट्या बांधल्या, आणि गूढ पाहुणा म्हणून स्वतः डेलीच उत्तरे देऊ लागले. पाहुण्याचा बदललेला आवाजही त्यांचा आणि सूत्रसंचालकाचा नेहमीचा आवाजही त्यांचाच. नमस्कार.