‘बघतो साहेब’ आणि सोमवारचा गोषवारा

श्रोतेहो, नमस्कार.

कार्यालयात काम करणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी दिवसातून निदान दहा वेळा येणारा एक शब्द आहे, ‘बघतो’. साहेबांनी काम सांगितले की आपण ‘बघतो साहेब’ म्हणतो आणि मान खाली घालतो. या शब्दाची मोठी सोय अशी, की सांगणाऱ्याला वाटते काम मार्गी लागले आणि ऐकणाऱ्याला वाटते आपण कुठे कबूल केले होते. वरिष्ठांकडेही याच्या तोडीचा एक शब्द असतो, ‘जरा’. ‘जरा एवढी यादी करून टाका’ या वाक्यातल्या ‘जरा’च्या पोटात कधी दहा मिनिटांचे काम असते, तर कधी चार दिवसांचे. मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे हे दोन्ही शब्द मी भरपूर वापरलेले आहेत.

एका तालुक्याच्या ठिकाणी माझ्याकडे दुष्काळी अनुदानाचे टेबल होते आणि शेजारचे सहकारी दीर्घ रजेवर गेल्यामुळे त्यांच्या संकलनाचा, म्हणजे त्यांच्या टेबलाचा, अतिरिक्त कार्यभारही माझ्याकडेच आलेला होता. एके दिवशी कार्यालय सुटायला पंधरा मिनिटे असताना साहेब गाडीकडे जाता जाता माझ्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, “ती अतिक्रमणांची माहिती जरा काढून ठेवा.” मी म्हणालो, “बघतो साहेब.” पुढचे दोन दिवस मी ती माहिती काढत बसलो आणि त्या गडबडीत माहिती अधिकाराच्या एका अर्जाची ३० दिवसांची मुदत उलटून गेली. अर्जदाराने प्रथम अपील दाखल केले. साहेबांनी मला बोलावून, आवाज न चढवता, एवढेच विचारले, “त्या दिवशी तुम्ही मला हे सांगितलं का नाही?” माझ्याकडे दोन टेबले आहेत हे त्यांच्याच सहीच्या आदेशात लिहिलेले होते, पण त्या दोन टेबलांवर नेमके काय पडलेले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते आणि ते सांगणे माझे काम होते.

आमच्याकडे एक जुन्या अव्वल कारकून बाई होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, साहेबांना तुमचं टेबल दिसत नाही, तुमचा चेहरा दिसतो. आणि चेहरा तर तुम्ही हसराच ठेवता.” मग त्यांनी माझी कार्यविवरण नोंदवही उघडली. शासकीय कार्यालयांत प्रत्येक लिपिकाने आलेले टपाल या नोंदवहीत चढवायचे आणि दर आठवड्याला त्याचा गोषवारा काढायचा, म्हणजे मागील शिल्लक किती, नवीन आले किती, निर्गत झाले किती आणि आज शिल्लक किती हे वरिष्ठांपुढे ठेवायचे, अशी जुनी रीत आहे. बहुतेक जण ते एक कंटाळवाणे बंधन समजून सोमवारी घाईघाईने आकडे भरतात. मीही तेच करत होतो.

या गोषवाऱ्यात एक उणीव आहे, आणि ती बाईंनीच मला दाखवली. तो कागद मोजतो, वजन मोजत नाही. दोन ओळींचे स्मरणपत्र हे एक प्रकरण, आणि अकराशे खातेदारांची पडताळणी हेही एकच प्रकरण. म्हणून त्यांच्या सांगण्यावरून मी एका कोऱ्या कागदावर गोषवाऱ्याखाली चार ओळी लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे मुदत व लागणारा वेळ घातला. पुढच्या सोमवारी टपालावर सह्या आटोपून साहेब चहा घेत असताना मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, “साहेब, विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नाच्या उत्तराला अर्धा दिवस, माहिती अधिकाराच्या दोन अर्जांना एक दिवस, अनुदानाच्या यादीला तीन दिवस आणि अतिक्रमणांच्या उरलेल्या अहवालाला दोन दिवस लागतील. बेरीज साडेसहा दिवस होते, आणि दुसऱ्या शनिवारची सुट्टी धरता हातात पाचच दिवस आहेत. यातले कोणते मागे ठेवू?”

‘काम फार झाले आहे’ असे मी म्हणालो नाही, कारण त्यावर ‘कोणाला नाही?’ हे उत्तर प्रत्येक वरिष्ठाच्या ओठांवर तयार असते. मी फक्त क्रम विचारला होता आणि क्रम ठरवणे हा त्यांचाच अधिकार होता. साहेबांनी हिरव्या शाईने आकडे घातले आणि चौथ्या ओळीपुढे लिहिले, ‘मंडळ अधिकाऱ्यांकडून मागवा.’ माझे दोन दिवसांचे काम एका पत्रात संपले. ही वाट मला सुचली नव्हती, आणि मी ‘बघतो’ म्हणून गप्प राहिलो असतो तर त्यांनाही सुचण्याचे कारण नव्हते.

सर्वच वरिष्ठ असे भेटतात असे नाही. ‘मला काही सांगू नका, सगळेच करा’ असे म्हणणारेही मी पाहिले आहेत. अशा वेळी वाद घालू नये. ‘करतो, मात्र पहिले बुधवारी पोचेल आणि दुसरे पुढच्या सोमवारी’ असे तारखेनिशी सांगावे आणि तेच टिपणीत लिहून नस्ती, म्हणजे फाइल, सादर करावी. तोंडी आदेशाबाबत तर नियमच आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम ३ असे सांगतो, की वरिष्ठाच्या निदेशानुसार काम करताना तो निदेश शक्यतो लेखी घ्यावा आणि ते शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी मिळवावी. ज्यांच्या खाजगी कंपनीत ना नस्ती ना टिपणी, त्यांनी त्याच दिवशी ‘आपण सांगितल्याप्रमाणे हे आधी करत आहे, ते शुक्रवारी देईन’ अशा दोन ओळींचा ईमेल करावा. व्हॉट्सॲपच्या समूहात चारचौघांसमोर मात्र हा विषय काढू नये.

‘तातडीचे’ या शब्दाबद्दलही एक सांगितले पाहिजे. बदल्यांचे विनियमन आणि कामातील विलंबास प्रतिबंध करणारा राज्याचा २००५ चा अधिनियम सर्वसाधारण नस्ती कोणाकडेही सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये असे म्हणतो, आणि त्याखेरीज तात्काळ व तातडीच्या नस्त्यांचा वेगळा विचार करतो: तात्काळ नस्ती शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तातडीची चार दिवसांत. म्हणजे कायद्यालाही सगळेच सारखे तातडीचे वाटत नाही. तेव्हा ‘साहेब, हे आजचे की चार दिवसांतले?’ असा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एक तरुण महसूल सहायक माझ्यापुढे असाच एक कागद घेऊन उभ्या राहिल्या. खरे सांगतो, मला पहिल्यांदा रागच आला. कालची मुलगी आपल्याला हिशेब दाखवते आहे असे वाटले. मग चष्मा लावून मी त्या पाच ओळी वाचल्या. त्यांपैकी तीन कामे मी स्वतः, वेगवेगळ्या दिवशी, जिन्यात उभे राहून, ‘जरा’ म्हणून सांगितलेली होती.