विमानात विचित्र वास आला तर? गप्प बसू नका!

नमस्कार मंडळी! समजा, लोहगावहून विमान उडालंय, पट्ट्याचा दिवा अजून विझलेला नाही आणि अचानक वास येतो. दोन दिवस बुटात कोंबलेल्या ओल्या मोज्यांचा. तुम्ही शेजारच्याकडे बघता, शेजारचा तुमच्या पायांकडे बघतो. आणि दोघंही सभ्य पुणेकर असल्यामुळे कुणीच काही बोलत नाही. तिथेच घोळ होतो.

आधी ही हवा येते कुठून ते बघू. एअरबस ए३२० किंवा बोईंग ७३७ सारख्या विमानांत इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधूनच दाबलेली गरम हवा काढून घेतात. हिला म्हणतात ब्लीड एअर. 'पॅक' नावाच्या यंत्रणेत ती थंड होते आणि केबिनमध्ये सोडली जाते. तुम्ही श्वासात घेता त्यातली साधारण निम्मी हवा ही, आणि उरलेली केबिनमधलीच, फिल्टरमधून फिरवून आणलेली. बोईंग ७८७ मात्र वेगळं. तिथे बाहेरची हवा विजेवर चालणारे स्वतंत्र कॉम्प्रेसर आत घेतात.

आता इंजिन म्हटलं की तेल आलं, आणि तेल अडवायला सील आले. सील झिजलं किंवा देखभालीत तेल जास्त भरलं गेलं, की तेलाची वाफ त्या हवेत मिसळू शकते. तोच तो मोज्यांचा वास. इंजिन सुरू होताना, टेक-ऑफला, खाली उतरायला लागताना, म्हणजे इंजिनाचा जोर बदलतो तेव्हा तो जास्त जाणवतो. या तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट नावाचं रसायन असतं. त्याचे काही प्रकार मज्जासंस्थेला घातक आहेत. विमानातल्या वासातून माणसाला दीर्घकाळाचं नुकसान होतं का, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. 'एरोटॉक्सिक सिंड्रोम' हे नाव तुम्ही ऐकलं असेल, पण वैद्यकशास्त्राने तो आजार म्हणून अधिकृतपणे मानलेला नाही. म्हणून वास निमूटपणे सोसायचा का? मला नाही तसं वाटत.

"आमच्या विमानात हेपा फिल्टर आहेत" असं कंपन्या अभिमानाने सांगतात. खरं आहे, धूळ आणि विषाणूंसाठी ते उत्तमच. पण हे फिल्टर कण अडवतात, वाफ आणि वायू नाही. शिवाय ते बसवलेले असतात फिरवलेल्या हवेच्या वाटेवर. इंजिनाकडून येणारी ताजी हवा त्यांच्यातून जातच नाही.

प्रत्येक वासाला घाबरायचं नसतं, हेही सांगतो. धावपट्टीकडे जाताना पुढच्या विमानाचा धूर आत ओढला गेला की रॉकेलसारखा वास येतो. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, त्यामुळे रांगेत थांबायचे प्रसंग येतातच. पुढचं विमान हललं की तो वास जातो. आणि पावसाळ्यात वरच्या फटींतून पांढरं धुकं येतं ना? ती दमट हवेतली वाफ आहे, थंड हवा लागून तिचे बारीक थेंब झालेले. तिला वास नसतो आणि ती लगेच विरते. उगाच ओरडू नका.

पण जळक्या वायरीचा, वितळत्या प्लॅस्टिकचा वास आला किंवा कुणाची पॉवर बँक फुगलेली, तापलेली दिसली, तर एक क्षणही थांबू नका. बटण दाबा, हाक मारा. पॉवर बँक केबिनमध्येच ठेवायला लावतात ती याचसाठी, पेटली तर हाताशी असावी म्हणून.

बोलायचं कशासाठी, तर बहुतेक प्रवासी विमानांत तेलाची वाफ ओळखणारा सेन्सरच नसतो. माणसाचं नाक हाच सेन्सर. आणि नाक लबाड असतं, थोड्या वेळात त्याला वासाची सवय होते. म्हणून पहिल्या झटक्यालाच सांगा, आणि नीट सांगा: "मॅडम, बाविसाव्या रांगेत जळक्या वायरीसारखा वास येतोय, दोन मिनिटं झाली, वाढतोय." हे कॉकपिटपर्यंत पोचलं की वैमानिक स्वतःचे ऑक्सिजन मास्क चढवतात, एकेक पॅक बंद करून वास कुठून येतोय ते शोधतात आणि गरज पडली तर जवळच्या विमानतळावर उतरतात.

"मग आमचे पिवळे मास्क का नाही सोडत?" हा प्रश्न हमखास येतो. ते मास्क केबिनमधला दाब गेला तर वापरायचे. त्यात आजूबाजूची हवाही मिसळते, म्हणजे धूर असेल तर धूरच नाकात जाणार. शिवाय आग असेल तर ऑक्सिजन तिला खाऊ घातल्यासारखं.

धूर दिसलाच तर खाली वाका, ओलं कापड नाकातोंडावर धरा. त्याने काजळी अडते, विषारी वायू अडत नाही. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या ७९७ क्रमांकाच्या विमानात आग लागली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी ओले टॉवेल वाटले होते. विमान सिनसिनाटीला उतरलं, दारं उघडली आणि मिनिट-दीड मिनिटात आत भडका उडाला. ४६ पैकी २३ जण गेले. आज जमिनीलगत दिवे आणि स्वच्छतागृहात धूर ओळखणारं यंत्र असतं, त्यामागे ही दुर्घटना आहे. म्हणून बसल्या बसल्या आपल्या सीटपासून दारापर्यंतच्या रांगा मोजून ठेवा. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो, हाताने खुर्च्या मोजत जावं लागतं. आणि बॅग? राहू दे तिथेच.

उतरल्यावर डोकं दुखत असेल, गरगरत असेल, घसा जळजळत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. थोडी डोकेदुखी उंचीचीही असू शकते, कारण केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवरचा, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वरचा असतो. पण डॉक्टरांना "विमानात धुराचा वास होता" हे आवर्जून सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर धुरातल्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला फसतं, आकडा छान अठ्ठ्याण्णव दाखवतं. त्यासाठी रक्तातलं कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, तपासावं लागतं, आणि तेही लवकर, कारण साध्या हवेत चार-पाच तासांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. दम्याचा पंप चेक-इन बॅगेत टाकत असाल तर आजपासून बंद करा. बोर्डिंग पासचा फोटो, सीट नंबर, वास आला ती वेळ, एवढं फोनमध्ये नोंदवून ठेवा आणि विमान कंपनीला लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका.