टाळू उघडी, तरी शिवण बंद

बाळाचं डोकं लांबट दिसलं की घरातलं कोणीतरी टाळूवर बोट ठेवून पाहतं. मऊ लागली की, ‘उघडी आहे, काळजी नाही.’ ही समजूत आधी दूर करू. पुढची टाळू उघडी असतानाही तिच्या मागची शिवण, म्हणजे कवटीच्या दोन हाडांमधला सांधा, पूर्ण जुळलेली असू शकते. अकाली जुळणाऱ्या शिवणींत सर्वांत जास्त आढळते ती सॅजिटल, म्हणजे डोक्याच्या मध्यावरून पुढून मागे जाणारी. आज तिच्याचबद्दल बोलतो.

कवटी शिवणीला काटकोनात वाढते. ही शिवण बंद झाली की रुंदी खुंटते, पण आत मेंदू वाढतच असतो. मग कपाळ पुढे येतं, मागची बाजू मागे जाते आणि डोकं होडीसारखं दिसू लागतं. टेपनं घेर मोजला तर तो बहुधा नॉर्मल येतो, कधी थोडा जास्तच; म्हणजे घेराच्या तक्त्यावर हे बाळ बिनबोभाट पास होतं! म्हणून रुंदीला लांबीनं भागून 100 नं गुणा. साधारण 75 ते 85 यायला हवं. या मुलांत आकडा बऱ्याचदा 70 च्या आसपास किंवा खाली असतो. मध्यरेषेवर बोट फिरवा, हाडाचा कंगोरा लागतो. कपाळाच्या मध्यावर नुसता कंगोरा असेल तर मात्र घाबरू नका, तिथली शिवण पहिल्या वर्षातच जुळते.

मोहरीची उशी आणि मालिश इथे निरुपयोगी. एकाच कुशीवर झोपून चपटं झालेलं डोकं कूस बदलून सुधारतं. जुळलेली शिवण दाबून उघडत नाही. त्या प्रयत्नांत महिने जातात, आणि शस्त्रक्रिया छोटी की मोठी हे त्या महिन्यांवरच ठरतं.

तीन-चार महिन्यांच्या आत बाळ आलं तर दुर्बिणीतून काम होतं. टाळूच्या मागे एक आणि डोक्याच्या मागच्या भागात एक, असे दोन-तीन सेंटिमीटरचे छेद घेतात. हाड आतल्या आवरणापासून, म्हणजे ड्युरापासून, सोडवून शिवणीची पट्टी काढतात. गरजेप्रमाणे दोन्ही बाजूंच्या हाडांना चिराही देतात. पुढचं काम मेंदूची वाढ करते आणि हेल्मेट तिला दिशा देतं. ते दिवसाचे 23 तास, कित्येक महिने घालायचं. उरलेला तास अंघोळीचा. डोकं वाढेल तसं ते बदलावं लागतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामानं पुरळ येतं, आणि घरचे ‘आज राहू दे’ म्हणतात. निकाल बिघडायला एवढंही पुरतं. डोक्याला तेल लावणंही बंद, हेल्मेट घसरतं.

सहा महिन्यांनंतर हाड जाड आणि कडक होतं. तेव्हा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत नागमोडी छेद घेऊन हाडाचे तुकडे काढतात, त्यांना नवा आकार देतात आणि विरघळणाऱ्या पट्ट्यांनी किंवा टाक्यांनी बसवतात. हेल्मेट बहुधा लागत नाही, पण रक्त बहुतेक वेळा द्यावं लागतं. हिशेब करा: बाळाच्या अंगात किलोमागे सुमारे 80 मिलिलिटर रक्त, म्हणजे 6 किलोच्या बाळात 480. त्यातलं 100 मिलिलिटर गेलं तर पाचवा हिस्सा गेला. म्हणून छेद घेण्याआधीच जुळवलेलं रक्त थिएटरमध्ये हवं; ट्रानेक्सॅमिक ॲसिड या औषधानं रक्तस्राव कमी होतो. लहान बाळाची अडचण वेगळी. दोन-तीन महिन्यांच्या सुमारास हिमोग्लोबिन नैसर्गिकरीत्याच तळाला असतं, त्यामुळे छोट्या शस्त्रक्रियेतही गाफील राहता येत नाही.

खरा धोका शिवणीच्या अगदी खाली असतो. तिथून मेंदूची मोठी नीला जाते. ती फाटली तर रक्तस्राव क्षणात आवाक्याबाहेर जातो, आणि डोकं हृदयापेक्षा उंच असल्यानं हवा आत ओढली जाण्याचीही भीती. म्हणून हाड ओढून नव्हे, सोडवूनच काढायचं. ड्युरा फाटल्यास तिथेच शिवतात.

पॅरिसचे सर्जन लॅनलाँग यांनी 1890 मध्ये हाडाची पट्टी काढायला सुरुवात केली, पण ती मुख्यतः ज्यांचा मेंदूच वाढत नव्हता अशा मुलांवर. तिथे शिवण हा दोषच नव्हता. आजही खूप लहान डोक्याचं बाळ आलं की आधी हाच प्रश्न विचारायचा: दोष शिवणीत आहे, की मेंदूच वाढत नाही?

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळे सुजून मिटतात. हे अपेक्षित असतं आणि ओसरतं, पण पालकांना आधीच सांगून ठेवा. ताप, जखमेतून पाणी किंवा सततची उलटी असेल तर थांबू नका. पुढची काही वर्षं डोळ्याच्या पडद्याची तपासणी करत राहायची, कारण आकार सुधारल्यावरही कवटीच्या आतला दाब वाढू शकतो.