जमीन गुरगुरते तेव्हा मेंदू काय करतो

(दृश्य : पहाटेचं गाव. अंगणात टाकलेल्या बाजा, पत्र्याची शेड, दूरवर टॉर्चचा उजेड.)

हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यात पांगरा शिंदे नावाचं गाव आहे. जमिनीखालून येणाऱ्या आवाजासाठी ते गेली काही वर्षं बातम्यांत असतं. कधी नुसती गुरगुर, कधी पाठोपाठ मांडणीवरच्या भांड्यांचा खुळखुळाट. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि तो नांदेड-परभणीपर्यंत कळला. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तेवढाच.

धक्का काही सेकंदांत संपतो. पुढचे कित्येक दिवस मात्र रस्त्यानं भरलेला ट्रक गेला तरी काळजात धस्स होतं, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, लेकरं आईला सोडत नाहीत. “कशाचं एवढं भ्याव?” असं विचारणारे घरातच असतात. शेजारची कुणी बाहेरची बाधा सांगून जाते.

(दृश्य : मेंदूचं साधं रेखाचित्र. कानापासून आत जाणारा मार्ग.)

कानावर पडलेला आवाज मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमध्ये पोचतो. तिथून तो वरच्या थरांकडे जातो आणि त्याचा अर्थ लागतो : हा ट्रक, ही वीज, ही जमीन. पण जोसेफ लेडू या अमेरिकी शास्त्रज्ञानं उंदरांवरच्या प्रयोगांतून आणखी एक आखूड वाट दाखवून दिली. ती थेट अमिग्डलाकडे जाते. अमिग्डला म्हणजे बदामाच्या आकाराचा पेशींचा पुंजका, मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकेक. माणसात ही आखूड वाट किती कामाला येते, यावर अजून वाद आहे. तरी शेतावरच्या कुत्र्यासारखं हे काम चालतं, असं म्हणायला हरकत नाही : कुत्रं आधी भुंकतं, मालक टॉर्च घेऊन मागून येतो. तोवर ॲड्रेनलिन रक्तात उतरलेलं असतं, छाती धडधडत असते, पाय दाराकडे वळलेले असतात.

आता किल्लारीकडे येऊ. मराठवाड्यात भूकंपाची कुठलीही गोष्ट तिथं गेल्याशिवाय पुरी होत नाही.

१९९२ मध्ये किल्लारीच्या परिसरात छोटे धक्के बसत होते. लोक धास्तावले, मग हळूहळू सरावले. याला बेफिकिरी म्हणणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. पुन्हा पुन्हा होणारी आणि दरवेळी काहीच न बिघडवणारी गोष्ट मेंदू मनावर घेणं सोडून देतो. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडल यांनी ॲप्लिशिया नावाच्या समुद्री गोगलगायीत हे पाहिलं. तिला हलकेच स्पर्श करत राहिलं, तर ती आपला कल्ला, म्हणजे श्वासाचा अवयव, आत ओढून घेणं कमी कमी करते. पण एकदा शेपटीला जोराचा झटका दिला, की साध्या स्पर्शानंही ती जोरात आकसते. सरावणं आणि दचकणं, दोन्ही शिकणंच. या कामासाठी कँडल यांना २००० साली नोबेल मिळालं.

(दृश्य : किल्लारीचं स्मृतिस्थळ. संथ पॅन.)

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं, माणसं थकून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता ६.२. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे १० हजार माणसं गेली, ५२ गावं दुसऱ्या जागी वसवावी लागली.

ज्यानं ती रात्र पाहिली, त्याचा मेंदू छपराकडे पुन्हा पूर्वीच्या नजरेनं कसा पाहील? भीतीच्या क्षणी अंगात सुटणारी रसायनं ती आठवण पक्की करतात. त्या वेळचा अंधार, वास, आवाज सगळं एकत्र बांधलं जातं आणि नंतर त्यातला एक धागा ओढला तरी पुरतो. अशी भीती पुढे फारशी पुसली जात नाही. सुरक्षित अनुभव पुन्हा पुन्हा आला, तर मेंदू तिच्यावर दुसरं काहीतरी शिकतो. जुनं खाली शिल्लक असतंच, म्हणून पुष्कळ वर्षांनी एखाद्या धक्क्यानं ते वर येतं. त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणण्यात अर्थ नाही.

पण सुरक्षित अनुभव यायला जागा खरोखर सुरक्षित हवी. इथं “मन खंबीर ठेवा” हा सल्ला अगदी पोकळ ठरतो. माळवदाच्या घरात राहणारा माणूस धक्क्यांच्या दिवसांत अंगणात झोपत असेल, तर त्याचं डोकं ठिकाणावर आहे. त्याला समुपदेशनाआधी भिंतींची मजबुती हवी. लेकरांना मात्र “काही होत नसतं” एवढं सांगून भागत नाही. पुन्हा हाललं तर कुठं जायचं, हे दिवसाउजेडी दोनदा करून दाखवलं तर त्यांना धीर येतो. मोबाईलवर फिरणारे पडझडीचे जुने व्हिडिओ लावून ठेवणं आधी बंद करावं.

झोपेचं तर वेगळंच. झोप मोडली की अमिग्डला आणखी भडकतो, आणि भडकला की पुन्हा झोप येत नाही. त्यावर उतारा म्हणून काहीजण रात्री दारू घेतात. डोळा लागतो खरा, पण पहाटेची झोप तुटते.

(दृश्य : जिल्हा रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग.)

बहुतेकांची भीती काही आठवड्यांत ओसरते. महिना उलटूनही तीच स्वप्नं पडत असतील, माणूस घरात शिरायचं टाळत असेल, बारीकसारीक आवाजानं दचकत असेल, तर त्यावर उपचार आहेत : बोलण्याचे, आणि लागल्या तर गोळ्यांचे. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून त्या सोडून देणारे बरेच असतात.

राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही, हे खुपतं. पण या त्रासासाठी तिथवर जायची बहुधा गरजही नसते. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची सेवा असते. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा क्रमांक फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात. गरज वाटली तर ते पुढे डॉक्टरांशी जोडून देतात.