हातमोजा न काढता
(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ही बादली बघून मागच्या रांगेतल्या काकांनी मघाशी विचारलं, "पन्हं आहे का?" नाही काका, नुसतं बर्फाचं पाणी आहे. पहिल्या रांगेतल्या या पोरानं माझ्या सांगण्यावरून मिनिटभर त्यात दोन्ही हात बुडवले, आणि आता तो बुटाला क्रॅम्पॉन बांधून राहिला आहे. क्रॅम्पॉन म्हणजे बर्फावर चालताना बुटाखाली लावायचे पोलादी दाते. पट्टा दोन कड्यांतून ओवायचा, उलटा फिरवायचा, ओढायचा. कोरड्या हातांनी त्यानं मघाशी ते चटकन केलं होतं. आता बघा, कडीच सापडत नाहीये. त्याचं चालू राहू द्या, आपण बोलू.

आयोजकांनी विषय दिला आहे उंच शिखरांसाठी साहित्याची निवड. काही जण वही-पेन काढून बसलेत, म्हणजे यादी हवी आहे. यादी मी देणार नाही. ती कुठल्याही दुकानात मिळते, आणि दुकानात जेवढा माल असतो तेवढीच ती लांब असते. मी वस्तू हातात घेतली की एकच गोष्ट बघते. हातमोजा न काढता ही वापरता येते का?

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. लडाखमध्ये कांग यात्से-२ नावाचं शिखर आहे, ६,२५० मीटर. ऑगस्टमध्ये आम्ही गेलो होतो. रात्री अकराच्या सुमारास बेस कॅम्प सोडला, बर्फ सुरू होतो तिथं क्रॅम्पॉन बांधले. पहाटे चारला माझा डावा क्रॅम्पॉन सैल झाला. नवाकोरा होता, नागपुरातून निघण्याच्या आदल्या आठवड्यात आलेला. त्याच्या पट्ट्याचं टोक मोज्यातून धरताच येईना. मी काय केलं? मोजे काढले. जाड काढला, आतला पातळही काढला, आणि उघड्या बोटांनी त्या गार पोलादाशी चार-पाच मिनिटं झटत बसले. आमचा लडाखी वाटाड्या वरून उतरून आला आणि त्यानं माझे हात सरळ स्वतःच्या जॅकेटात, काखेत घेतले. बोलला काही नाही. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

बोटं वाचली. पण उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं बधिर झाली. मी बँकेत कॅश काउंटरला बसते. नोटा मोजताना दोन चिकटलेल्या आहेत की एकच, हे डोळ्यांना नाही, बोटांना कळत असतं. दोन महिने मी प्रत्येक गड्डी यंत्रातून दोनदा काढली. नोव्हेंबरात घरी संत्री आली, तर सालीची ती बारीक दाणेदार खरखर मला जाणवेना. नागपूरच्या माणसाला संत्रं सोलताना बोटांना काहीच कळू नये! तेव्हा मी घाबरले, शिखरावर नाही.

आता आपली अडचण समजून घ्या. आपण समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर राहतो. थंडी म्हणजे आपल्याकडे जानेवारीतली फुटाळा तलावावरची पहाट, तीही स्वेटर घालून फोटो काढण्यापुरती. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, वर वारा वेगळा. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन निम्मा. बोटं गारठतात आणि त्याच वेळी डोकंही मंद चालतं. हा दुसरा भाग लोक विसरतात.

१९५० साली मोरिस हेरझॉग हा फ्रेंच गिर्यारोहक अन्नपूर्णेवर गेला. आठ हजार मीटरपेक्षा उंच शिखर माणसानं पहिल्यांदाच सर केलं होतं. उतरताना त्यानं सॅक उघडायला हातमोजे काढले, आणि ते घरंगळत उतारावरून गेले. सॅकमध्ये जादा पायमोजे होते. ते हातात घालता येतील, हे त्याला सुचलंच नाही. तो हातापायाची बोटं गमावून परतला. इथं खुर्चीत बसून आपल्याला वाटतं, एवढं साधं कसं सुचलं नाही? मला पूर्ण पटतं की नाही सुचलं. मलाही मोजे काढायचे नसतात हे ठाऊक होतं.

म्हणून हातमोज्यांचं आधी सांगते. थर तीन. आत पातळ लायनर, तो झोपेतसुद्धा काढायचा नाही. त्यावर कामाचा मोजा, ज्यातून दोर धरता येतो. आणि वरच्या टप्प्यासाठी मिटन, म्हणजे चारही बोटं एका खोलीत आणि अंगठा वेगळा. एकत्र कुटुंबात ऊब जास्त असते, बोटांचंही तसंच. मिटनला मनगटाशी दोरी हवीच. लहान मुलांच्या मोज्यांना आई लावते तशी. दिसायला बावळट दिसते, दिसू दे. शिवाय एक जादा जोडी, तीही सॅकच्या तळाशी नाही, जॅकेटच्या आतल्या खिशात. मोजा घेताना घट्ट घेऊ नका. घट्ट मोज्यात रक्त फिरत नाही, मग तो कितीही महाग असो.

आणि जिथं जिथं चेन असेल तिथं दोरीचा लांब फास बांधा. जॅकेट, तंबू, स्लीपिंग बॅग, सॅकचे खिसे, सगळीकडे. कंपन्या चेनला जी शेंगदाण्याएवढी जीभ देतात ती शोरूममधल्या बोटांसाठी असते. चार फूट दोरी आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर वितळवलेली टोकं, अर्ध्या संध्याकाळचं काम आहे.

बूट. सहा हजारांच्या वर दुहेरी बूट लागतात, आतला मऊ वेगळा आणि बाहेरचा टणक वेगळा. आतला रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं. १९५३ च्या मे महिन्यात, शिखराच्या आदल्या रात्री, हिलरीनं बूट काढून ठेवले. सकाळी ते दगडासारखे गोठलेले. एव्हरेस्टच्या उंबरठ्यावर, साडेआठ हजार मीटरवर, त्यानं दोनेक तास स्टोव्हवर बूट शेकण्यात घालवले. तेनसिंगनं बूट पायातच ठेवले होते.

बूट घ्यायला संध्याकाळी जा, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात, वर गेल्यावर तर आणखी फुगतात. ज्या जाड पायमोज्यांवर घालणार तेच घेऊन जा. टाच उचलायला नको आणि बोटं पुढं आपटायला नकोत, बस. आणि क्रॅम्पॉन घ्याल तेव्हा बूट सोबत न्या. पुढं-मागं अडकवायचे क्रॅम्पॉन फक्त ज्या बुटांना पुढं आणि टाचेला खाच असते त्यांनाच बसतात. आमच्या एका मोहिमेत एक गडी भाड्याचे बूट आणि उसने क्रॅम्पॉन घेऊन आला होता. दोन्ही उत्तम. एकमेकांना बसेनात. त्याचं शिखर बेस कॅम्पलाच संपलं.

मग सराव कुठं करायचा? मी मे महिन्यात गच्चीवर करते. ४५ अंश, घामानं चिंब, पायात दुहेरी बूट, हातात मिटन, डोळ्यांना पट्टी, आणि जुन्या पायपुसण्यावर बसून क्रॅम्पॉन बांधायचे, सोडायचे, बांधायचे. शेजारच्या काकू पापड वाळवायला आल्या आणि म्हणाल्या, "काय करून राहिलीस वं? बरं आहे नं तुझं?" बरंच होतं, काकू. त्या उन्हाळ्यात मी किमान दोनशे वेळा तो पट्टा ओवला. पुढच्या मोहिमेत पहाटे पट्टा सुटला तेव्हा हात आपोआप गेला, डोक्याला विचारायची गरज पडली नाही.

काय रे, जमतंय का? हात पुसून घे. आता हे मिटन घाल आणि त्यातून बांध. घाई नाही.

कपड्यांचं एक वाक्यात सांगते. घाम येऊ देऊ नका. आपण विदर्भातले लोक घामाला घाबरत नाही, तो आपल्याला गार करतो म्हणून आवडतोही. वर तेच त्याचं काम जिवावर बेततं. म्हणून एक जाड थर नको, तीन-चार पातळ, चढताना काढता येणारे. सुती बनियन मात्र घरीच ठेवा, ते पाणी धरून बसतं. पिसांचं डाउन जॅकेट सगळ्यात हलकं आणि उबदार, पण ओलं झालं की त्याची गोधडीही होत नाही. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचा गिर्यारोहक बलूनच्या कापडात पिसं भरून शिवलेला कोट घालून आला. ट्वीडच्या कोटांतले बाकीचे त्याला हसले. गारठा वाढला तसं हसणं थांबलं.

स्लीपिंग बॅगवर तापमानाचे तीन आकडे असतात. दुकानदार सगळ्यात थंड आकडा दाखवतो. तो आकडा झोपेचा नाही, सकाळपर्यंत जिवंत राहण्याचा आहे. तुम्ही पहिला, आरामाचा आकडा बघा.

स्टोव्हबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण वर पाणी नसतं, बर्फ असतो. शून्य अंशाच्या बर्फाचं शून्य अंशाचं पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे अर्धं इंधन नुसतं वितळवण्यात जातं. सहलीच्या शेगडीसोबत मिळणारे गॅसचे लांब डबे बहुतेक ब्युटेनचे असतात. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू व्हायलाच तयार नसतो. उंचीवर दाब कमी म्हणून तो आकडा खाली सरकतो खरा, पण पहाटेच्या उणे वीसला तेवढं पुरत नाही. डब्यावर आयसोब्युटेन आणि प्रोपेन लिहिलेलं हवं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायूच राहतो. डबे विमानात नेता येत नाहीत, तिकडे पोचूनच घ्या. स्टोव्हच्या खटक्यावर विसंबू नका, उंचीवर तो अनेकदा ठिणगीच देत नाही. आपली काडेपेटी न्या, मेण लावलेल्या काड्यांची, तीन ठिकाणी. आणि तंबू बंद करून आत स्टोव्ह पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपतो आणि उठत नाही. पाच हजारांवर पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथं तुरीची डाळ शिजवायला बसू नका, एकानं बसून पाहिलं आहे, नाव सांगत नाही.

गॉगलला कंजूषी नको. दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा-बारा टक्के वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. चौथ्या श्रेणीची, म्हणजे सगळ्यात गडद काच, बाजूनं झाकलेली. सीताबर्डीच्या फुटपाथवरचा नाही. हार्नेस म्हणजे कमरेचा पट्टा, कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायची कडी, जुमार म्हणजे दोरावर चढायची पकड, यांवर मानकाची खूण बघा आणि सेकंडहँड दोर कधीही घेऊ नका. त्यानं काय सोसलंय ते दिसत नाही.

ऑक्सिजन आठ हजारांच्या शिखरांचा विषय आहे, पण हिशेब कॅशियरला आवडतो म्हणून सांगते. चार लिटरची बाटली, ३०० बार दाबानं भरलेली, म्हणजे १,२०० लिटर वायू. मिनिटाला दोन लिटर सोडला तर दहा तास. आता वर दोरावर रांग लागली आणि दोन तास उभं राहावं लागलं, तर ते दोन तासही त्याच खात्यातून वजा होतात.

परत आल्यावर सामान कुठं ठेवता? माळ्यावर? आपल्या उन्हाळ्यात माळ्यावर बुटांच्या तळव्यांचा भुगा होतो, मी स्वतः पाहिला आहे. डाउन बॅग दाबून पिशवीत ठेवू नका, सैल टांगा, आणि कूलरच्या खोलीत तर नकोच, त्या दमट हवेनं कुबट होते. दोर इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ ठेवू नका. आम्लाच्या वाफेनं नायलॉन आतून कुजतं, बाहेरून काहीही कळत नाही.

ताई, तुमची चिठ्ठी मिळाली, "एवढे पैसे कुठून आणायचे?" सगळं विकत घेऊ नका. आधी उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेत २८ दिवसांचा बेसिक कोर्स करा, साहित्य तिथंच मिळतं. बूट, दोर, तंबू काय चीज आहे ते कळतं, मग खरेदी. मोजे, लायनर आणि गॉगल तेवढे स्वतःचे घ्या, बाकी भाड्यानं चालेल, फक्त महिनाभर आधी हातात घ्या. २०१८ च्या मे महिन्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची आदिवासी मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. त्यांच्या घरी काही साहित्याचं कपाट नव्हतं.

बघू रे, झालं? अरे वा, मिटन न काढता बांधलास. पण बकल आतल्या बाजूला आलंय. चालताना दुसऱ्या पायाचे दाते त्यात अडकतील आणि तोंडावर पडशील. डाव्याचा उजव्याला लावलास तू. सोड, परत बांध. नाही, नाही, मिटन नको काढू.