बसणे आणि जुळणे

मित्रहो, निमंत्रण पत्रिकेवर संयोजकांनी ‘जुन्या गाडीत इंजिन बदलताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सशी त्याचे भाग कसे जुळवावेत’ असा लांबलचक विषय छापला आहे. माझे म्हणणे मात्र दोन क्रियापदांत मावते. आपल्या भाषेत बसणे वेगळे आणि जुळणे वेगळे. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेले इंजिन गिअरबॉक्सला लावून, बोल्ट आवळून, फडक्याला हात पुसत मिस्त्री म्हणतो, “बसलं, साहेब.” बसलेले असतेच, यात वाद नाही. जुळले आहे की नाही, हे पुढे घाटात कळते. पत्रिकेचाच विषय निघाला आहे म्हणून सांगतो, छत्तीस गुण आणि छत्तीसचा आकडा यांतला अंक एकच असतो. (आपण हसलात, म्हणजे सभागृहात विवाहित मंडळी बरीच दिसतात.)

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा माझी १९८३ सालची मर्सिडीज २४० डी कलिन्याजवळ बॉनेटपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर मी अधीरपणे स्टार्टर मारला. तो गुन्हा सर्वस्वी माझा. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन चढला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. नवे इंजिन शोधताना मला वाटले, नशीब उघडले. माझ्या गाडीत होते ते ओएम ६१६ हे २.४ लिटरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बजाज टेम्पोने आपल्याकडे परवान्याने बनवले होते आणि ते त्यांच्या ट्रॅक्स या जीपसारख्या गाडीत बसत असे. घराणे एकच, बोल्टांची भोकेही जुळली.

मिस्त्री कसबी होता. ट्रॅक्सचे ते इंजिन हाती टाकायच्या गिअरच्या गाडीतून निघालेले असल्यामुळे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाला गिअरबॉक्सच्या शाफ्टसाठी छोटी बेअरिंग ठोकलेली होती. इंजिनाची फिरकी तेलातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला पोहोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचे नाक त्याच भोकात शिरायचे असते, म्हणून ती त्याने आधी काढली. जड फ्लायव्हील उतरवून माझ्या जुन्या इंजिनावरची पातळ तबकडी, म्हणजे फ्लेक्सप्लेट, तिचा समतोल नव्या क्रँकशी ताडून मगच लावली. इथपर्यंत सारे उत्तम झाले. चूक झाली ती एका करंगळीएवढ्या रबरी नळीपाशी.

ही नळी समजून घेण्यासारखी आहे. त्या काळच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला चालकाचा पाय दिसत नाही. इंजिनावर किती भार आहे ते त्याला कुणीतरी कळवावे लागते. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप मिटलेली असताना मागे निर्वात दाब तयार होतो, पाय दाबला की तो कमी होतो, आणि गिअरबॉक्सवरच्या मॉड्युलेटर नावाच्या डबीला भाराची बातमी आपोआप पोहोचते. डिझेलला तशी झडपच नसते. म्हणून इंजिनावरचा पंप निर्वात दाब बनवतो आणि इंधनपंपावर बसवलेला एक छोटा व्हॉल्व्ह पाय जसजसा दाबला जाईल तसतसा तो दाब सोडून देतो; उरलेला दाब ही नळी डबीपर्यंत पोहोचवते. ट्रॅक्सला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच नव्हता, तेव्हा तिच्या इंधनपंपावर हा व्हॉल्व्ह असण्याचे कारणच नव्हते, आणि आम्ही इंजिन त्याच्या स्वतःच्या पंपासकट चढवले होते.

पहिल्या दिवशी नळी उघडीच राहिली. डबीत निर्वात दाब नाही याचा अर्थ गिअरबॉक्सने घेतला की साहेबांनी पाय तळापर्यंत दाबला आहे; त्याने आतले तेल पूर्ण दाबाने क्लचवर सोडले आणि माहीमपासून दादरपर्यंत प्रत्येक गिअर पाठीत गुद्दा घातल्यासारखा पडला. मी तक्रार केली तेव्हा मिस्त्रीने ती नळी सरळ ब्रेकच्या निर्वात पंपाला जोडली. गाडी लोण्यासारखी चालू लागली. मी त्याला वर बक्षीस दिले, हे सांगताना आजही लाज वाटते. आता डबीत सदैव पूर्ण निर्वात दाब होता, म्हणजे पाय कितीही दाबला तरी गिअरबॉक्सच्या मते गाडी उतारावर आरामात चालली होती; म्हणून तो क्लचवर तेलाचा दाब कमीच ठेवी आणि क्लच घसरत राहत. दोन महिन्यांनी चार माणसे आणि सामान घेऊन खंडाळ्याचा घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढला, वेग मात्र पडत गेला. गिअरबॉक्सची डिपस्टिक काढली तेव्हा लाल असायला हवे ते तेल चहाच्या गाळासारखे काळे झाले होते आणि त्याला जळक्या भाकरीचा वास येत होता.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटे उरली आहेत आणि छापलेला विषय अजून सुरूही झालेला नाही. आता भराभर सांगतो. अमेरिकन गाड्यांच्या शौकिनांनी हे ध्यानात घ्यावे की शेव्हर्लेच्या छोट्या व्ही-८ इंजिनांत फ्लेक्सप्लेटच्या कडेवर १५३ दाते असतात किंवा १६८, आणि स्टार्टर त्यानुसारच निवडावा लागतो. १९८६ पासून या इंजिनांच्या क्रँकच्या मागच्या टोकावरचे बोल्टचे वर्तुळ लहान झाले, त्यामुळे जुनी तबकडी तिथे लागत नाही. ४०० घन इंचाच्या इंजिनाचा समतोल बाहेरून, तबकडीवरच्या वजनाने साधलेला आहे. तिथे साधी तबकडी लावाल तर बसेल, फिरेल आणि थरथरून बेअरिंगा खाईल. ७००आर४ या गिअरबॉक्सला नळीऐवजी थ्रॉटलपासून येणारी केबल असते. तिचे माप चुकले तर माझ्या घाटाचीच पुनरावृत्ती होते. मोटार वाहन कायद्यातील, गाडीत फेरफार करण्याविषयीच्या कलम ५२ चा मुद्दा मी पूर्णच सोडतो.

कन्व्हर्टरचे एवढेच सांगून थांबतो. तो गिअरबॉक्समध्ये फिरवत फिरवत सरकवताना टप्प्याटप्प्याने आत जातो आणि शेवटच्या टप्प्यात त्याची मागची मान तेलपंपाच्या खाचांत शिरते. मग इंजिन आणि गिअरबॉक्स हातानेच एकमेकांना टेकले पाहिजेत, आणि टेकल्यावरही कन्व्हर्टर व फ्लेक्सप्लेट यांच्यात थोडी फट उरली पाहिजे; अनेक अमेरिकन गिअरबॉक्समध्ये ती तीन ते पाच मिलिमीटर असते. टेकत नसतील तर बोल्टने ओढू नका, पंप फुटतो. प्रश्नांना वेळ नाही असे खूण करून सांगत आहेत. माझ्या गिअरबॉक्समधली जळलेली क्लच प्लेट मी आणली आहे. पाहून झाली की ती कृपया वर्तमानपत्रावरच ठेवावी, कारण तिचा काळा रंग अजूनही हाताला लागतो.